एका नावाची कैफियत

मालोजीराजे भोसल्यांना दोन पुत्र झाले. थोरला शहाजी, धाकटा शरीफजी. थोरल्याचे नाव त्याच्या स्वतःच्या कर्तृत्वाने, आणि त्याहूनही त्याच्या पुत्राच्या कीर्तीने, महाराष्ट्राच्या जिभेवर असे रुळले की घाटावरच्या एखाद्या गावच्या शाळेचा हजेरीपट उघडला तर त्यात शहाजी सापडण्याचे नवल वाटत नाही. धाकट्याचे नाव मात्र, तो १६२४ साली भातवडीच्या रणात ऐन उमेदीत पडला म्हणून म्हणा, किंवा त्याच्या पोटी शिवाजी जन्मला नाही म्हणून म्हणा, या प्रांती मावळले, आणि शेकडो कोस दक्षिणेस, कावेरीच्या खोऱ्यातल्या तंजावरच्या मराठी राजवाड्यात, सरफोजी अशा किंचित पालटलेल्या रूपाने पुन्हा उगवून दीडशे वर्षे नांदले. त्या नावाचे दोन राजे झाले. त्यांतला दुसरा एवढा विद्याव्यासंगी निघाला की सरस्वती महालातील पोथ्यांशी ज्यांचा संबंध येतो ती मंडळी त्याचे नाव आजही आदराने घेतात. तरी आपल्या पोटच्या पोरास ते नाव ठेवावे, अशी बुद्धी मराठी मुलखात क्वचितच कोणास झाली असेल.

ती आमच्या वाईच्या शास्त्रीबुवांच्या जावयास झाली. जावई इतिहासाचे अध्यापक. पहिलटकरीण म्हणून मुलगी माहेरी आलेली, मुलगा झालेला, बारसे दुसऱ्या दिवसावर येऊन ठेपलेले, आणि साताऱ्याहून व्याही, विहीणबाई व मुलाची आत्या अशी सर्व मंडळी मुक्कामास उतरलेली. अशा भरल्या ओसरीवर जावयांनी, पाळण्यात घालावयाचे नाव म्हणून, 'सरफोजी' ही चार अक्षरे दोन्ही आजोबांच्या पुढे ठेवली. शेजारधर्माने मीही तेथे होतो. माझी अटकळ अशी की आता दोघेही आजोबा एकजुटीने त्या नावावर तुटून पडतील. झाले भलतेच. नाव दोघांनाही पसंत पडले, आणि ते कोणत्या कारणाकरिता पसंत करावे, यावरून जी तकरार सुरू झाली ती दिवेलागणीपर्यंत मिटली नाही.

शास्त्रीबुवांनी, त्यांच्या रीतीप्रमाणे, प्रथम नावास शास्त्राच्या कसोटीवर घासले.

"पारस्कराने गृह्यसूत्रात पुरुषाच्या नावाचे लक्षण सांगून ठेवले आहे," ते म्हणाले. "अक्षरे दोन असावीत किंवा चार. आरंभीचा वर्ण घोष असावा, मध्ये अंतस्थ यावा, शेवट दीर्घ व्हावा. स, र, फो, जी : अक्षरे चार. मध्ये रकार आहे, तो अंतस्थ. शेवटी ईकार, तो दीर्घ. आरंभीचा सकार तेवढा अघोष आहे. तीन लक्षणे जुळली, एक चुकले."

"आणि शिवाजी हे नाव आपल्या पारस्करांपुढे रुजू केले तर?" रावसाहेबांनी विचारले. रावसाहेब मामलेदारीतून निवृत्त झालेले; आयुष्य फेरफार, सनदा आणि इनामांच्या चौकश्या यांत गेलेले, आणि त्यामुळे कोणतेही विधान समोर आले की त्याचा दाखला मागण्याची सवय हाडीमासी खिळलेली.

"तीन अक्षरे. विषम. विषमाक्षरी नाव स्त्रियांना विहित आहे," शास्त्रीबुवा हसून म्हणाले. "शिवाय आरंभीचा शकारही अघोषच. म्हणूनच मी म्हणतो, व्याहीबुवा, की एवढ्या एका वैगुण्यासाठी नाव टाकू नये. माझी अट एकच : ते शुद्ध लिहावे. शरभोजी."

"फकाराचा भकार करून?"

"करून नव्हे. तो मुळातलाच आहे, तुमच्या दप्तरांनी त्याचा फकार केला." आणि शास्त्रीबुवा सावरून बसले. "शरभ म्हणजे अष्टपाद, सिंहालाही भारी असा प्राणी, आपल्या कवींनी त्याला हिमालयाच्या उतारांवर उड्या मारायला लावले आहे. शैवांच्या कथेत तर तो साक्षात शिव आहे. हिरण्यकशिपूचे पोट फाडल्यावरही नृसिंहाचा क्रोध शमेना, त्रैलोक्य होरपळू लागले, तेव्हा शंकराने शरभाचे रूप धरून त्या क्रोधाला आवरले. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर पंजात हत्ती धरलेले जे श्वापद आपण पाहतो, त्याला अभ्यासक शरभच म्हणतात. आणि तंजावरच्या मुलखात तर त्याची पूजा होते. कुंभकोणमजवळ त्रिभुवनम् येथे तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेले शिवालय आहे, तेथे शरभेश्वराचे स्वतंत्र स्थान आहे. शत्रुभय आणि पीडा यांच्या निवारणासाठी लोक अजून तेथे जातात. अशा भूमीत राज्य करणाऱ्या शिवभक्त भोसल्यांनी आपल्या मुलाला शरभाचे नाव दिले, यात ओढून आणलेले काय आहे?"

"त्यांनी दिले, याला दाखला?"

"जगन्नाथ कवीने पहिल्या सरफोजीवर संस्कृत काव्य रचले, त्याचे नाव 'शरभराजविलास'. दुसऱ्या सरफोजीला नायक करून तमिळमध्ये जे कुरवंजी नाट्य झाले, ते 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी'. त्याने सिद्ध करविलेले वैद्यकाचे ग्रंथही शरभेंद्राच्याच नावावर चालतात. इंग्रजांनी नेपोलियनवर मिळविलेल्या विजयाचे स्मारक म्हणून त्याने समुद्रकाठी मनोरा नावाचा आठमजली बुरूज उभारला, तर त्या गावाचे नाव शरभेंद्रराजपट्टिनम्. राजाच्या हयातीत, राजाच्या दरबारात, राजाच्या अन्नावर वाढलेले पंडित त्याला शरभेंद्र म्हणतात आणि राजा ते ऐकून घेतो. याहून मोठा दाखला तुमच्या कचेरीत तरी कोणता मिळणार?"

येथे मला कबूल करावे लागते की शास्त्रीबुवांचा हा मारा मला त्या क्षणी निरुत्तर करणारा वाटला. रावसाहेब मात्र पानाचा डबा पुढे ओढून, देठ खुडीत, एखाद्या कज्जातली दुसरी बाजू ऐकून घेतल्याप्रमाणे स्वस्थ बसून होते.

"मजकूर खरा आहे," ते म्हणाले, "पण दस्तऐवज अलीकडचा आहे. मिळकतीचा मूळ धनी पाहायचा तर सर्वांत जुन्या नोंदीकडे जावे लागते. सर्वांत जुना सरफोजी तंजावरचा नव्हे. तो वेरूळच्या भोसल्यांचा, मालोजीचा धाकटा पुत्र. त्याचे नाव शरीफजी. मालोजीस आणि उमाबाईस मूलबाळ होईना, तेव्हा त्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला. पिराच्या प्रसादाने दोन पुत्र झाले म्हणून एकाचे नाव शाहवरून आणि दुसऱ्याचे शरीफवरून ठेवले. एका पिराच्या नावाची दोन भावांत खातेफोड झाली, असे म्हणा. शाह फारसी, शरीफ अरबी. शरीफ म्हणजे कुलीन, सन्मान्य. नगरजवळच्या दर्गादायऱ्याला ते पिराचे ठिकाण आजही आहे."

"ही बखरकारांची कथा."

"बखरकारांची असेल. पण कथा बाजूला ठेवून नुसती नावे पाहा. शाह हे एकटे नाव कोठूनही येऊ शकते; निजामशाहीच्या चाकरीत असलेल्या घराण्याला तो शब्द काही परका नव्हता. पण एकाच घरात, एकाच आईच्या पोटी, पाठोपाठ शाह आणि शरीफ येतात, आणि त्याच मुलखात शाह शरीफ नावाचा पीर नांदत असतो, हा योगायोग मला तरी पटत नाही. शिवाय मालोजीला अशा सत्पुरुषांचे वावडे नव्हते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना, ज्यांनी 'योगसंग्राम' लिहिला आणि ज्यांना वारकरी आपले म्हणतात, त्यांना तो गुरुस्थानी मानीत असे आणि त्याने त्यांना मठ बांधून दिला, अशी परंपरा आहे. खंडोबाच्या नवसाने झालेला खंडेराव आणि पिराच्या नवसाने झालेला शरीफजी, यांत नवस करणाऱ्या आईच्या लेखी काय अंतर असणार?"

शास्त्रीबुवा थोडे थांबले. मग म्हणाले, "आईच्या लेखी नसेल. राजवंशाच्या लेखी असते. ज्या कुळाने पुढे हिंदवी राज्य उभारले, ज्याने फारसी शब्द वेचून वेचून राजव्यवहारातून काढले, त्या कुळाने हे नाव शुद्ध करून घेतले असेल तर ते त्याच धोरणास धरून झाले."

हा मुद्दा शास्त्रीबुवांनी काढला नसता तर बरे झाले असते, असे मला वाटते. कारण रावसाहेब नेमकी त्याचीच वाट पाहत होते.

"राज्यव्यवहारकोश," ते म्हणाले. "महाराजांनी रघुनाथपंतांकडून तो करविला, खरे आहे. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. सबंध दरबाराने संस्कृत वस्त्रे नेसली. पण त्याच महाराजांनी आपल्या तीर्थरूपांच्या नावाला हात लावला काय? त्यांची मुद्रा संस्कृत, अक्षर न् अक्षर संस्कृत. आणि तीत ते स्वतःची ओळख काय देतात? शाहाचा पुत्र. ज्या राजाने कचेरीतले शब्द बदलले त्याने पित्याचे नाव होते तसे संस्कृत श्लोकात बसविले. कारण पद हे सरकारचे असते, ते बदलता येते. नाव हे देणाऱ्याचे असते. आणि एकट्या भोसल्यांचेच कशाला? चाकणचा किल्ला लढविणारा फिरंगोजी नरसाळा आपला. कागलचे पिराजीराव घाटगे आपले. सुलतानजी निंबाळकर, दौलतराव शिंदे आपलेच. आळंदीहून माउलींची पालखी दिंड्यांच्या इतमामाने पंढरीस नेण्याची घडी ज्यांनी बसविली ते हैबतबाबा आरफळकर; हैबत हा अरबी शब्द, त्याचा अर्थ दरारा. आपण वारीत चालताना त्या नावाचे भकार, शकार शोधतो काय?"

"हैबतबाबांच्या नावास मी स्पर्श केला नाही," शास्त्रीबुवा किंचित तीव्रपणे म्हणाले.

"तर मग शरीफजीच्या नावासही करू नये. आणि शास्त्रीबुवा, तंजावरच्या घराण्याने तरी पिरांशी नाते तोडले होते काय? नागूरच्या दर्ग्याचा सर्वांत उंच मनोरा कोणी बांधला? प्रतापसिंह भोसल्याने."

आतापर्यंत जावई मुकाट्याने ऐकत होते. त्यांनी मध्ये तोंड घातले ते एका लहानशा गोष्टीसाठी, आणि माझ्या मते त्या संध्याकाळी बोलल्या गेलेल्या साऱ्या पांडित्यात तीच गोष्ट सर्वांत मोलाची होती. "तमिळ लिपीत," ते म्हणाले, "प, फ, ब, भ या चारही वर्णांना एकच अक्षर आहे. शकार आणि सकार यांचेही बहुधा एकाच अक्षरावर भागते. तंजावरच्या कारकुनाने शरफोजी ऐकले काय आणि शरभोजी ऐकले काय, तो एकच लिहिणार, आणि ते वाचणारा आपल्याला ठाऊक असलेला शब्द वाचणार. तेथल्या माणसाला पीर शरीफ ठाऊक नव्हता, शरभेश्वर ठाऊक होता. हे पुराव्यानिशी सिद्ध करता यायचे नाही, हा माझा तर्क आहे. पण दोन नावे एका अक्षरात शेजारी राहू लागली आणि हळूहळू एकमेकांची झाली, असे मला वाटते."

लिपी अशी मध्यस्थी करते याचे आपल्याला नवल वाटू नये. आमच्या मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद कोणी पाळला? इंग्रजांनी त्याच राजाचे नाव आपल्या कागदांत 'सर्फोजी' असे लिहिले, आणि आज इंग्रजी ग्रंथांतून त्याचा शोध घेणाऱ्यास त्या तिसऱ्याच रूपाने हाक मारावी लागते. मराठी लेखनात मात्र चालत आलेले रूप फकाराचेच. त्यातला 'ओजी' हा प्रत्यय शुद्ध देशी. मालोजी, विठोजी, तुकोजी, एकोजी या मालिकेत तो कोणत्याही शब्दास बिनतक्रार चिकटतो, मग तो शब्द अरबस्तानातून आलेला असो की कैलासावरून.

शास्त्रीबुवांना हा तर्क आपल्या बाजूचा वाटला, रावसाहेबांना त्यांच्या. रावसाहेब म्हणाले, "म्हणजे मूळ नाव फकाराचे होते आणि भकार हा वाचणाऱ्याचा, हे जावईबापू मान्य करतात." शास्त्रीबुवांनी तत्काळ उत्तर दिले, आणि ते त्यांनी व्याह्यांच्याच भाषेत दिले.

"रावसाहेब, आपण इनामांची प्रकरणे चालविली आहेत. जुना राजा जातो, नवा गादीवर येतो, तेव्हा इनामदार जुनी सनद घेऊन दरबारी येतो आणि नवी करून घेतो. नव्या सनदेवर नव्या राजाचा शिक्का असतो. त्यानंतर त्या जमिनीचा दाता कोण? जुना, की नवा?"

"दोघेही," रावसाहेब अनिच्छेने म्हणाले. "नवी सनद जुन्याच्या बरहुकूम निघते."

"पण नवी निघाल्यावाचून वहिवाट चालत नाही. मग नावाचेही तसेच समजा. पिराने दिलेली पहिली सनद मी खोटी म्हणत नाही. आता म्हणत नाही, असे म्हणा हवे तर. परंतु तंजावरास ते नाव पुन्हा ठेवले गेले तेव्हा देणारा पीर नव्हता. तेथे पंडितांनी, देवळांनी, त्या भूमीच्या दैवताने त्याचे नूतनीकरण केले. शरभोजी ही दुसरी सनद आहे. आणि आपल्या नातवाला नाव द्यायचे तर अखेरची चालू सनद पाहावी, की दोन राजवटींपूर्वीची?"

या दोघांच्या वादात एक मधली पिढी कोणाच्याच नजरेस आली नाही, म्हणून तिच्याविषयी येथे मीच लिहितो. शहाजीराजांचे तुकाबाईपासून झालेले पुत्र व्यंकोजी, ज्यांना एकोजी असेही म्हणतात, यांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतले. त्यांचे पुत्र शहाजी, सरफोजी आणि तुकोजी हे एकामागून एक गादीवर आले. शहाजी १६८४ साली, सरफोजी १७१२ साली, तुकोजी १७२८ साली. यांतली पहिली दोन नावे पाहिली की व्यंकोजींच्या मनातले उघड दिसते. त्यांनी थोरल्याला आपल्या पित्याचे नाव दिले आणि दुसऱ्याला आपल्या चुलत्याचे. त्या चुलत्यास त्यांनी बहुधा पाहिलेलेही नसेल. भातवडीस तो पडला त्याला तेव्हा अर्धे शतक लोटले होते. मलिक अंबराने मोगलांची आणि आदिलशहाची एकवटलेली फौज त्या गावाजवळ गाठली, तलावाचे पाणी सोडून त्यांची छावणी चिखलात बुडविली आणि अखेर निजामशाहीचा जय झाला. त्या जयातला भोसल्यांचा वाटा म्हणजे शहाजीचा नावलौकिक आणि शरीफजीचा देह. भातोडी पारगावास, म्हणजे त्याच भातवडीस, त्याची समाधी आहे. व्यंकोजींनी आपल्या मुलाला हाक मारली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे नगरचा पीर नसावा आणि त्रिभुवनम्‌चा शरभही नसावा. बापाच्या तोंडून ऐकलेली, बापाच्या बरोबरीने लढून पडलेल्या भावाची हकीकत असावी. शरीफ या शब्दाचा कोशातला अर्थ त्या घरात त्या वेळी कोणी विचारला असेल, असे मला वाटत नाही. घरात शहाजी आहे, तर त्याच्या पाठीवर शरीफजी हवा; भावांची जोडी पुरी झाली पाहिजे. इतिहासकार ज्याला व्युत्पत्ती म्हणतात ती बहुधा अशा वेळी झोपलेली असते.

आणि दुसरा सरफोजी? त्याला ते नाव पहिल्या सरफोजीकडून, म्हणजे एका राजाकडून आले.

त्याच्याविषयी बोलणे निघाले ते आत्याबाईंमुळे. त्या इतका वेळ आतबाहेर करीत होत्या. उद्या बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान त्यांचा, आणि ज्याचा मान त्याला कोणी विचारीत नाही, या न्यायाने त्यांचे मत कोणी घेतले नव्हते. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचे पीर आणि शरभ राहू द्यात बाजूला. मला एवढंच सांगा, दादा, की एक सरफोजी ऐन तरुणपणी लढाईत गेला, आणि दुसऱ्याचं राज्य इंग्रजांनी काढून घेतलं. असली नावं पाळण्यात घालतात का?"

ओसरी गप्प झाली. खरे सांगायचे तर पुरुषांनी दोन तास ज्या नावाची वंशावळ तपासली, त्या नावाचा प्रत्यक्ष संसार कसा झाला हे विचारण्याचे त्यांच्या डोक्यातच आले नव्हते. आणि बायका नाव ठेवताना प्रथम तेवढेच पाहतात.

जावयांनी उत्तर दिले. "राज्य गेले हे खरे, ताई. तुळजाराजांनी १७८७ साली मृत्युशय्येवरून त्यांना दत्तक घेतले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. लगेच तुळजाराजांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी हक्क सांगितला आणि गादीही घेतली. या मुलाचे शिक्षण श्वार्त्झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली झाले. १७९८ साली गादी मिळाली, आणि पुढच्याच वर्षी, १७९९ साली, कंपनीने तहनामा करून सारा कारभार आपल्याकडे घेतला. राजांकडे राहिला तंजावरचा किल्ला, वर्षाचा तनखा आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. एकवीस-बावीस वर्षांचा राजा, आणि राज्य करायला किल्ल्याच्या भिंतींच्या आतली जागा. दुसरा कोणी असता तर त्याने उरलेले आयुष्य नाचगाण्यात आणि अर्ज करण्यात घालविले असते."

"त्यांनी काय केलं?"

"त्यांनी पोथ्या जमविल्या. आज सरस्वती महालात जे संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू ग्रंथांचे भांडार आहे ते आधीच्या राजांपासून चालत आलेले. पण त्याला हे रूप दिले यांनी. काशीच्या यात्रेला गेले तर तिकडूनही पोथ्या घेऊन आले. धन्वंतरी महाल काढून औषधांचे प्रयोग करविले. डोळ्यांच्या रोग्यांवर केलेल्या उपचारांचे कागद, डोळ्यांच्या चित्रांसह, अजून आहेत. १८०५ साली वाड्यात छापखाना घातला आणि त्यात देवनागरी खिळ्यांनी मराठी पुस्तक छापले. इसापाच्या गोष्टी मराठीत 'बालबोध मुक्तावलि' या नावाने तेथे १८०६ साली छापल्या गेल्या. पुण्यात तेव्हा दुसऱ्या बाजीरावाचे राज्य होते आणि मराठी छापील पुस्तक कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पृथ्वीचा भूगोल समजावून सांगणारे 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक त्यांनीच लिहिले. बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा सबंध इतिहास मराठीत कोरविला, १८०३ साली. १८३२ साली ते वारले. त्यांच्यानंतर त्यांच्या मुलाने तेवीस वर्षे गादी चालविली आणि मग तीही गेली. पण तो छापखाना, ते देवळावरचे अक्षर, त्या पोथ्या, हे काही कंपनीला तहनाम्यात लिहून घेता आले नाही."

"म्हणून हे नाव?"

"म्हणून हे नाव."

आत्याबाईंचे समाधान झाले की नाही, कळले नाही. त्यांनी फक्त, "हाक मारायला सरफू बरं वाटेल," असे म्हटले आणि त्या आत गेल्या. आणि दोन्ही आजोबांच्या चेहऱ्यांवर, संस्कृत आणि अरबी या दोन्ही भाषांचा एकाच शब्दात निकाल लागल्याचे दुःख क्षणभर सारखेच उमटले.

परंतु तकरार मिटली असे समजू नये. शास्त्रीबुवांनी परातीत तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नाव लिहिण्याचा विधी काढला. तांदळात आपण लिहिणार, म्हणून भकार आपला. रावसाहेबांनी जन्माच्या नोंदीचा दाखला काढला. तो अर्ज बापाच्या सहीने जाणार, आणि बाप आपला मुलगा, म्हणून फकार आपला. "तांदळातले नाव दुसऱ्या दिवशी भातात जाते, शास्त्रीबुवा, नोंदवहीतले राहते," असे ते म्हणाले. शास्त्रीबुवांनी त्यावर एवढेच विचारले की पारस्करापेक्षा गावची नोंदवही केव्हापासून प्रमाण मानू लागलात. माझ्यापुरते बोलायचे तर मी फकाराच्या बाजूचा आहे. शरीफ हा शब्द मला शरभाहून प्रिय आहे असे नव्हे, पण व्यंकोजींनी ज्या माणसाची आठवण ठेवून ते नाव उचलले तो भातवडीचा माणूस फकारात आहे, भकारात नाही. शरभाला मात्र मी घराबाहेर काढणार नाही. ज्या पंडितांनी त्याला आत घेतले ते काही फसवणूक करीत नव्हते. आपल्या राजाचे नाव आपल्या देवळात लावता यावे, एवढीच त्यांची खटपट होती, आणि परमुलखातून आलेल्या राजवंशाला रयतेकडून असे दत्तक विधान क्वचित लाभते.

दिवे लागले. देवापुढे निरांजन लावून शास्त्रीबुवा परत ओसरीवर आले तेव्हा रावसाहेबांनी नवा विषय काढला होता.

"जावळाचे आत्ताच ठरवून टाकू," ते म्हणाले. "वर्षाच्या आत मुलाला घेऊन भातोडीस जाऊ. शरीफजीराजांच्या समाधीवर मुलाचे डोके टेकवू, आणि तेथून दर्गादायऱ्यालाही जाऊन येऊ."

"जरूर," शास्त्रीबुवा म्हणाले. "आणि तिकडून थेट त्रिभुवनम्. जावळ शरभेश्वरापुढेच निघेल. वाटेत बृहदीश्वर आहे, सरस्वती महाल आहे, आणि फ्लॅक्समन नावाच्या इंग्रज शिल्पकाराने घडविलेला सरफोजींचा संगमरवरी पुतळा आहे; मुलाला त्याचा नामधारी पूर्वज पाहू दे."

"खर्चाची फोड मग स्वच्छ करून घेऊ. नगरकडचा सगळा खर्च माझा."

"म्हणजे तंजावरचा माझा," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि माझ्याकडे वळून पुढे म्हणाले, "पाहिलेत? आमच्या व्याह्यांनी खुर्ची सोडली, वसुली सोडली नाही."